बिअर, चहा आणि साखर : इंग्लंडने प्यालेल्या उष्मांकांचा इतिहास

१/ सन १६६२. पोर्तुगालची राजकन्या कॅथरीन ऑफ ब्रगान्झा इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सची राणी झाली. या विवाहाच्या करारात मुंबई बेट इंग्रजांना आंदण मिळाले, हे महाराष्ट्रात शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. याच राणीमुळे इंग्रजी दरबारात आणखी एका गोष्टीला मान मिळाला. पाठ्यपुस्तकांत तिचा उल्लेख क्वचितच येतो. ती गोष्ट म्हणजे चहा.

२/ राणीने चहा इंग्लंडमध्ये ‘आणला’ ही दंतकथा आहे. लंडनच्या वृत्तपत्रात चहाची जाहिरात १६५८ मध्येच आली होती आणि दैनंदिनीकार सॅम्युअल पेपिस याने सप्टेंबर १६६० मध्ये चहाची चव घेतल्याची नोंद केली आहे. राणीने त्याला प्रतिष्ठा दिली, इतकेच. पुढील दीडशे वर्षांत मात्र हे पेय राजवाड्यातून शेतमजुराच्या झोपडीपर्यंत पोहोचले आणि त्या वाटचालीत एका देशाला पिण्यातून मिळणाऱ्या उष्मांकांचे, म्हणजे कॅलरींचे, उगमस्थानच बदलले. हा धागा त्या बदलाविषयी आहे.

३/ प्रथम हिशेबाची रीत पाहू. एक ग्रॅम साखरेतून सुमारे ४ किलोकॅलरी मिळतात, तर एक ग्रॅम मद्यार्कातून सुमारे ७. पाणी आणि दूध-साखरेविना चहा यांतून जवळजवळ शून्य. याचा अर्थ असा की, पेयातील उष्मांक म्हणजे त्यात विरघळलेले धान्य, दूध, फळ किंवा ऊस. एखादा समाज किती उष्मांक पितो हे विचारताना ते कोणत्या शेतातून आणि कोणाच्या श्रमातून आले, हा प्रश्न आपोआप उभा राहतो.

४/ सतराव्या शतकातील इंग्लंडमध्ये त्याचे उत्तर सरळ होते : बार्लीच्या शेतातून. बिअर ही तेव्हा केवळ नशेची वस्तू नव्हती, तो रोजचा आहार होता. बार्लीला मोड आणून, वाळवून ‘माल्ट’ करीत. त्या माल्टच्या पहिल्या पाण्यातून कडक बिअर आणि त्याच माल्टवर पुन्हा पाणी घालून हलकी ‘स्मॉल बिअर’ निघे. ही हलकी बिअर बायका, मुले, नोकरचाकर सर्व जण जेवणासोबत पीत.

५/ तिचे महत्त्व किती, हे आरमाराच्या शिध्यावरून कळते. १६७७ मध्ये ठरलेल्या शिध्यानुसार प्रत्येक खलाशाला रोज एक पौंड बिस्किट आणि एक गॅलन बिअर मिळे. आजच्या साध्या बिअरच्या १०० मिलीलिटरमध्ये साधारण ४० किलोकॅलरी असतात. त्या काळची बिअर याच्या निम्मीच कसदार होती असे धरले, तरी एका गॅलनमधून सातशे-साडेसातशे किलोकॅलरी मिळतात. हिशेब ढोबळ आहे, पण त्यातून प्रमाण लक्षात येते. तो पेला म्हणजे पातळ भाकरीच होती.

६/ येथे आणखी एक लोकप्रिय समज बाजूला ठेवावा लागतो. ‘पाणी दूषित असल्यामुळे लोक बिअर पीत’ हे वाक्य सर्वत्र आढळते. वस्तुतः लोक विहिरींचे आणि झऱ्यांचे पाणी पीत होते. लंडनने तर तेराव्या शतकातच शहराबाहेरच्या झऱ्याचे पाणी नळाने आत आणले होते. बिअरला पसंती होती, कारण ती अंगमेहनत करणाऱ्याला बळ देते अशी लोकांची खात्री होती. क्रेग मल्ड्रू यांच्यासारख्या इतिहासकारांनी मजुरांच्या आहाराचा ऊर्जेच्या दृष्टीने हिशेब मांडला, तेव्हा त्यात बिअरचा वाटा मोठा निघाला.

७/ ही व्यवस्था बऱ्याच अंशी गावातल्या गावात फिरत असे. बार्ली परिसरातील, सरपण गायरानातले, बिअर करणारी घरची किंवा शेजारची स्त्री आणि उरलेला चोथा डुकरांना. पेल्यातील उष्मांकांचा जवळजवळ सगळा प्रवास काही मैलांत संपत होता.

८/ पहिला धक्का जिनने दिला. १६८९ मध्ये फ्रान्सशी युद्ध सुरू झाले, फ्रेंच ब्रँडीची आयात थांबली आणि १६९० च्या कायद्याने धान्यापासून मद्य गाळण्याचा धंदा जवळपास सर्वांना खुला झाला. जमीनदारांच्या बार्लीला नवे गिऱ्हाईक मिळाले, सरकारला कर मिळाला. १७४३ च्या सुमारास इंग्लंडमध्ये माणशी वर्षाला दोन गॅलनांहून अधिक जिन प्यायली जात होती. लंडनमध्ये हे प्रमाण त्याहून पुष्कळ जास्त होते.

९/ पार्लमेंटने १७२९, १७३६ आणि १७५१ मध्ये जिनविरोधी कायदे केले. १७५१ मध्येच विल्यम होगार्थने ‘जिन लेन’ आणि ‘बिअर स्ट्रीट’ ही जोडचित्रे काढली. पहिल्यात उद्ध्वस्त वस्ती, दुसऱ्यात धष्टपुष्ट आणि समाधानी कारागीर. यामागची समजूत स्पष्ट आहे : बिअर पोसते, जिन मारते. मात्र दोन गॅलन जिनचे उष्मांक वर्षभरावर विभागले, तर देशाच्या सरासरीने दिवसाला माणशी पन्नास-साठ किलोकॅलरीच भरतात. जिनचे सामाजिक दुष्परिणाम भीषण होते, पण आहाराचा पाया तिने बदलला नाही. तो शांतपणे बदलला चहाने.

१०/ कारण अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात गरिबांच्या घरची बिअर महाग होत गेली. माल्टवर १६९७ पासून कर होता आणि प्रत्येक युद्धाबरोबर तो वाढत होता. गावकीची कुरणे आणि राने पार्लमेंटच्या कायद्यांनी खासगी मालकीची झाली. त्यासरशी सरपणही गेले आणि गाय पाळण्याची सोयही गेली. दूध मोठ्या शेतकऱ्यांकडे राहिले. त्यांना ते शहराकडे पाठवणे किंवा त्याचे लोणी-चीज करणे परवडे, मजुराला पेलाभर विकणे परवडत नसे.

११/ त्याच सुमारास चहा स्वस्त झाला. १७८४ मध्ये पंतप्रधान धाकटा विल्यम पिट याने ‘कम्युटेशन अॅक्ट’ आणून चहावरील ११९ टक्के कर १२.५ टक्क्यांवर आणला. महसुलाची भरपाई घरांच्या खिडक्यांवरील कर वाढवून केली. जबर करामुळे फोफावलेली चहाची चोरटी आयात कोसळली आणि अधिकृत खप अल्पावधीत दुपटीहून अधिक झाला. माल्टवर कर चढत असताना चहावरचा कर उतरला, हे या कथेतील निर्णायक वळण होय.

१२/ पण चहात स्वतःचे उष्मांक नाहीत. ते आले साखरेतून. ब्रिटनमधील साखरेच्या माणशी वार्षिक खपाचे मानववंशशास्त्रज्ञ सिडनी मिंट्झ यांनी दिलेले अंदाज असे :
• १७०० : सुमारे ४ पौंड
• १८०० : सुमारे १८ पौंड
• १८५० : सुमारे ३६ पौंड
दिवसाच्या उष्मांकांत मांडल्यास हे अनुक्रमे सुमारे २०, ९० आणि १८० किलोकॅलरी होतात. दीडशे वर्षांत नऊपट.

१३/ ही सगळी साखर चहातच गेली असे नव्हे. मुरंबे, पुडिंग, काकवी लावलेला पाव यांतही ती होती. तरीही साखर गरिबाच्या घरात शिरली ती चहाच्या आधाराने. चीनमध्ये चहात साखर घालण्याची रीत नव्हती. इंग्रजांनी कडू पेय आणि गोड चव यांची सांगड घातली आणि एकाची मागणी दुसऱ्याची मागणी वाढवू लागली.

१४/ ही साखर येत होती जमैका, बार्बाडोस यांसारख्या कॅरिबियन बेटांवरील मळ्यांतून. तेथे ऊस तोडणारे, चरकात घालणारे आणि रात्रभर उकळत्या कढयांपुढे उभे राहणारे हात आफ्रिकेतून पळवून आणलेल्या गुलामांचे होते. १६४० ते १८०७ या काळात ब्रिटिश जहाजांनी सुमारे ३१ लाख आफ्रिकी माणसांना अटलांटिकपार नेले. त्यांतील सुमारे २७ लाखच जिवंत पोहोचले. उसाच्या मळ्यांवर मृत्यूचे प्रमाण इतके होते की, बहुतेक बेटांवर संख्या टिकवण्यासाठी सतत नवी माणसे आणावी लागत.

१५/ हे कोणाला कळत नव्हते असेही नाही. १७९१ मध्ये विल्यम फॉक्स याने वेस्ट इंडीजची साखर सोडण्याचे आवाहन करणारी पुस्तिका काढली. गुलामी-विरोधी कार्यकर्ता थॉमस क्लार्कसन याच्या अंदाजाने सुमारे तीन लाख लोकांनी साखर वर्ज्य केली. घरात साखर आणायची की नाही हे गृहिणी ठरवीत. मताधिकार नसलेल्या स्त्रियांसाठी हा बहिष्कार राजकारणात उतरण्याचा एक मार्ग ठरला. १८२४ मध्ये लेस्टरच्या एलिझाबेथ हेरिक यांनी तो पुन्हा पेटवला. पेयातील उष्मांकांवरून झालेले हे कदाचित पहिले मोठे जनआंदोलन.

१६/ इकडे इंग्लंडमध्ये दुसराच वाद रंगला होता : गरिबांनी चहा प्यावा का? सुखवस्तू लोकांचा आक्षेप असा की, मजूर चहा-साखरेवर पैसा उधळतात म्हणून दरिद्री राहतात. बार्कशरमधील बार्कम गावचा धर्मोपदेशक डेव्हिड डेव्हिस याने मजूर कुटुंबांचे जमाखर्च गोळा करून १७९५ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला आणि या आक्षेपाला उत्तर दिले.

१७/ त्याचे म्हणणे थोडक्यात असे : माल्टवर कर, दूध मिळेनासे झालेले, मांस आवाक्याबाहेर. मग पाव घशाखाली उतरवायला उरते काय? हलक्यात हलक्या पत्तीने रंगवलेले आणि स्वस्तातल्या तपकिरी साखरेने गोड केलेले गरम पाणी. याला चैन म्हणायचे असेल तर खुशाल म्हणावे. चहा हे गरिबांच्या दैन्याचे कारण नसून परिणाम आहे, हा त्याचा निष्कर्ष होता.

१८/ पंचवीस वर्षांनी पत्रकार विल्यम कॉबेट याने ‘कॉटेज इकॉनॉमी’ (१८२१-२२) या पुस्तकात उलट बाजू मांडली. चहात पोषण नाही, हे पटवायला त्याने डुकराचे उदाहरण घेतले. एका रोड डुकराला १५ बुशेल माल्ट घाला, ते लठ्ठ होऊन भरपूर मांस देईल. त्याच डुकराला वर्षाचा ७३० वेळचा चहा तेवढाच देऊ लागा, ते आठवडाभरात उपाशी मरेल. ‘कॅलरी’ हा शब्द आहारशास्त्रात येण्याच्या कितीतरी आधी मांडलेला हा उष्मांकांचाच हिशेब होता.

१९/ दोघांत बरोबर कोण? पोषणाच्या बाबतीत कॉबेट चुकला नव्हता. बिअरमध्ये धान्यातील काही प्रथिने आणि ब-जीवनसत्त्वे उतरतात. साखरेत ऊर्जेखेरीज काही नसते. कॉबेटचा रागही केवळ गरिबांवर नव्हता, माल्टवरील करावरही होता. पण घरी बिअर करायला माल्ट, सरपण, मोठी भांडी आणि सवड लागते. नेमके तेच हिरावले गेले होते. उपाय बरोबर असूनही तो अमलात आणण्याची साधने लोकांकडे उरली नव्हती. डेव्हिसने पाहिले ते हे.

२०/ कारखान्यांच्या युगात ही सवड आणखी आटली. पहाटे भोंग्याला गिरणीत हजर होणाऱ्या स्त्रीला चूल पेटवून स्वयंपाक करणे शक्य नव्हते. शिळा पाव आणि गोड गरम चहा एवढ्यावर थंड जेवणही ऊन जेवण वाटे. घरात मांस असलेच तर ते बहुधा कमावत्या पुरुषाच्या ताटात जाई. पाव, काकवी आणि चहा बायकामुलांच्या वाट्याला. म्हणजे पेयांतील साखरेवर सर्वाधिक जगत होते ते घरातले सर्वांत कमी पोसलेले लोक. चहासाठी पाणी उकळले जाई, त्यामुळे आतड्यांचे रोग काहीसे घटले असावेत, असेही काही अर्थ-इतिहासकार मांडतात.

२१/ बिअर या काळात संपली नाही. उलट १८७० च्या दशकात ब्रिटनमधील बिअरचा माणशी खप शिखरावर होता. फरक जागेचा होता. घराच्या जेवणातून ती उठली आणि गुत्त्यात, विकतच्या रूपात, मुख्यतः पुरुषांची झाली. एकाच कुटुंबाचे उष्मांक आता दोन ठिकाणी प्यायले जात होते : नवऱ्याचे गुत्त्यात, बायकोचे चुलीपाशी.

२२/ १८३३ च्या कायद्याने ब्रिटिश वसाहतींतील गुलामगिरी रद्द झाली. मालकांना दोन कोटी पौंड नुकसानभरपाई मिळाली, गुलामांना काहीही नाही. मळ्यांना मात्र मजूर हवेच होते. १८३४ पासून मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांवर हिंदुस्थानातून करारबद्ध मजूर जाऊ लागले. पुढील काही दशकांत साडेचार लाखांच्या आसपास माणसे तेथे उतरली. त्यांत मुंबई इलाख्यातून, विशेषतः रत्नागिरीसारख्या कोकणी भागातून गेलेले मराठी भाषकही होते.

२३/ मॉरिशसच्या साखरेला १८२५ पासून ब्रिटनमध्ये वेस्ट इंडीजच्या बरोबरीने जकात होती. त्यामुळे इंग्लंडमधील मजुराच्या कपात कोकणातल्या मजुराचेही श्रम विरघळत होते. दोघांनी एकमेकांना कधी पाहिले नाही. त्या मराठी मजुरांचे वंशज आजही मॉरिशसमध्ये आहेत आणि गणेश चतुर्थीला त्या देशात सार्वजनिक सुट्टी असते.

२४/ १८४६ मध्ये ब्रिटनने परदेशी साखरेवरील वाढीव जकात टप्प्याटप्प्याने काढण्याचे ठरवले. क्यूबा आणि ब्राझीलची, म्हणजे तेव्हाही गुलामांनी पिकवलेली, साखर स्वस्त झाली. १८७४ मध्ये साखरेवरील जकात पूर्णपणे उठली. १९०० च्या सुमारास इंग्रजी आहारातील उष्मांकांपैकी जवळपास एक पंचमांश साखरेतून येत होते, असा मिंट्झ यांचा अंदाज आहे. दोनशे वर्षांपूर्वी हे प्रमाण नगण्य होते. याच काळात कपातली पत्तीही बदलली. १८३९ मध्ये आसामचा चहा लंडनच्या लिलावात प्रथम आला आणि शतकाअखेर हिंदुस्थानी चहाने चिनी चहाला मागे टाकले.

२५/ याच सुमारास उष्मांक मोजण्याचे शास्त्रही आले. अमेरिकी शास्त्रज्ञ विल्बर अॅटवॉटर याच्या मापनांच्या आधारे सीबोम राउंट्री याने १८९९ मध्ये यॉर्क शहराची पाहणी केली आणि जगण्यासाठी किती ऊर्जा लागते यावरून दारिद्र्यरेषा आखली. गरिबी हा उधळेपणाचा नव्हे तर अपुऱ्या मजुरीचा प्रश्न आहे, हे आता आकड्यांत दिसू लागले. डेव्हिसने शंभर वर्षांपूर्वी जमाखर्चांतून हेच सांगितले होते. राउंट्रीचे घराणे कोको आणि चॉकलेटचे कारखानदार होते, हाही एक योगायोग.

२६/ दुसऱ्या महायुद्धात सरकारने पेला थेट आपल्या हाती घेतला. जानेवारी १९४० पासून साखरेचे आणि जुलै १९४० पासून चहाचे रेशन सुरू झाले. आठवड्याला माणशी दोन औंस चहा. युद्धानंतर १९४६ मध्ये सर्व शाळकरी मुलांना रोज एक तृतीयांश पाइंट दूध मोफत मिळू लागले. साधारण १२० किलोकॅलरी, शिवाय प्रथिने आणि कॅल्शियम. १९७१ मध्ये शिक्षणमंत्री मार्गारेट थॅचर यांनी सात वर्षांवरील मुलांचे हे दूध बंद केले, तेव्हा देशभर गदारोळ झाला.

२७/ दुधाची बाटली मागे पडली आणि शीतपेयाची पुढे आली. मोजणीतली गंमत अशी की, १९४० पासून चाललेल्या राष्ट्रीय अन्न पाहणीत शीतपेये आणि मद्य १९९२ पर्यंत धरलेच जात नव्हते. घरी शिजते ते अन्न, अशी त्यामागची कल्पना होती. परिणामी जुन्या आकडेवारीत ब्रिटिश माणूस प्रत्यक्षापेक्षा कमी उष्मांक घेताना दिसतो. जे प्यायले ते ‘खाल्ले’ म्हणून मोजले गेले नाही. इतिहासाच्या विद्यार्थ्याने आकड्याआधी त्यामागचा प्रश्न तपासावा, याचे हे चांगले उदाहरण आहे.

२८/ एप्रिल २०१८ मध्ये ब्रिटनने साखरयुक्त शीतपेयांवर नवा कर आणला. तेव्हा १०० मिलीलिटरमध्ये ५ ग्रॅम किंवा अधिक साखर असेल तर लिटरला १८ पेन्स, ८ ग्रॅम किंवा अधिक असेल तर २४ पेन्स असा दर होता. घोषणा दोन वर्षे आधी झाली होती, त्यामुळे अनेक उत्पादकांनी कर लागू होण्यापूर्वीच साखर कमी केली. वाद मात्र ओळखीचा निघाला : गरिबांच्या सवयी सुधारायच्या की त्यांच्यापुढचे पर्याय?

२९/ साडेतीनशे वर्षांचा हा पट पाहता एक गोष्ट वारंवार दिसते. लोकांनी काय प्यावे हे तहानेने किंवा चवीने फार थोडे ठरवले. माल्टवरचा कर, चहावरची सूट, गेलेले कुरण, गिरणीचा भोंगा, साखरेची जकात आणि दूरच्या बेटांवरील सक्तीचे श्रम यांनी ते ठरवले. दोष मात्र प्रत्येक वेळी पेला हाती धरणाऱ्यावर आला.

३०/ म्हणून एखाद्या देशाच्या पेयांतील उष्मांकांचा आलेख समोर आला, तर रेषा वर गेली की खाली एवढ्यावर थांबू नये. त्या वर्षी कोणता कर बदलला, कोणाची जमीन गेली आणि ऊस कोणी तोडला, हेही विचारावे. बार्कमच्या धर्मोपदेशकाने १७९५ मध्ये शेजाऱ्यांचे जमाखर्च मांडून हाच प्रश्न विचारला होता. (समाप्त)